राजवाडा बघायचा, मांडव कुठे घालायचा?

सुगी उरकली की आपल्या गटांच्या बैठकीत दोन विषय हटकून निघतात. एक, यंदा सहल कुठे न्यायची. दुसरा, कुणाच्या घरी लग्न निघालंय आणि खर्च कितीवर जाणार. हल्ली हे दोन्ही विषय एकमेकांत मिसळू लागले आहेत. मुलं-मुली मोबाइलवर समुद्राकाठचे जुने वाडे दाखवतात, दिव्यांनी उजळलेली आवारं दाखवतात आणि म्हणतात, "आई, आपलं लग्न असल्या ठिकाणी करू या ना!" आई बिचारी बघत राहते. जागा सुंदर दिसते हे खरं, पण तिथे लग्न करता येतं का, कुणाला विचारायचं, किती पैसे लागतात, यातलं तिला काहीच ठाऊक नसतं.

म्हणून आज आम्ही बोलायला एक खरी जागा घेतली आहे. रत्नागिरीचा थिबा राजवाडा. समुद्राजवळच्या टेकडीवर आहे, ऐतिहासिक आहे, शेजारी बाग आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळजणींना एसटीनं जाऊन बघता येईल असा आहे. तीन गोष्टी क्रमानं सांगतो. हा वाडा कुणाचा आणि त्यात कुणाच्या लेकी राहिल्या. तो बघायला जायचं तर काय काय पाहायचं. आणि शेवटी लग्नाचं: तिथे मांडव घालता येतो का, आणि समुद्राकाठीच लग्न करायचं तर काय तपासून घ्यायचं.

कैदेतल्या राजाचं घर

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८७८ साली तो मंडालेच्या गादीवर बसला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याच्यावर चढाई केली आणि अवघ्या काही दिवसांत राज्य गेलं. राजाला, राणी सुपयालतला आणि लहान मुलींना बोटीवर घातलं. आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ साली रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? कारण त्या काळी एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि रेल्वेचा पत्ता नाही. मंडालेपासून शेकडो कोस लांब. राजाला परत जाता येऊ नये आणि त्याच्या माणसांना त्याच्यापर्यंत पोचता येऊ नये, यासाठी ही जागा इंग्रजांना सोयीची होती.

इतिहासाचा एक खेळ बघा. लोकमान्य टिळक जन्मले रत्नागिरीत, १८५६ साली. इंग्रजांनी त्यांना शिक्षा देऊन १९०८ ते १९१४ कुठे ठेवलं, तर मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत, आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेला कैदेत, दोघंही एकाच काळात. माणसाला त्याच्या मातीपासून तोडलं की त्याची ताकद जाते, असा राज्यकर्त्यांचा हिशोब होता. टिळकांच्या बाबतीत तो चुकला. तिथे बसून त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं.

थिबाचं कुटुंब सुमारे २४ वर्षं बंगल्यांत राहिलं. राजाच्या तक्रारींवर तक्रारी झाल्या, तेव्हा सरकारनं त्याच्यासाठी टेकडीवर वाडा बांधला आणि १९१० च्या अखेरीस कुटुंब तिथे राहायला गेलं. ज्या घरासाठी इतकी वर्षं वाट पाहिली, त्यात थिबाला सहाच वर्षं मिळाली. १९१६ च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. धाकटी राणी, सुपयालतची सख्खी बहीण, त्याआधीच १९१२ साली गेली होती. दोघांची समाधी रत्नागिरीतच आहे. उरलेलं कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशात परतलं.

चार लेकी आणि त्यांची लग्नं

आता ज्यासाठी हा वाडा आम्ही निवडला ती गोष्ट. थिबाला चार मुली. थोरल्या दोघी मंडालेला जन्मलेल्या, तिसरी मद्रासला, चौथी रत्नागिरीत. राजाच्या लेकी, पण वाढल्या पहाऱ्यात. शाळा नाही, शेजार नाही, मैत्रिणी नाहीत. वय वाढत चाललं तरी लग्नाचं काही जमेना. कारण राजा-राणीला हवा होता बरोबरीच्या घराण्यातला मुलगा, आणि त्या घराण्यात आपसांतच लग्नं करायची रीत होती. राजा-राणी स्वतःच एका बापाची लेकरं होती. असा मुलगा मिळायचा तर ब्रह्मदेशात. आणि ब्रह्मदेशाची वाट इंग्रजांनी बंद केलेली.

१९१४ साली वाड्यात मोठा सोहळा झाला. कशाचा, तर या चौघींचे कान टोचण्याचा. आपल्याकडे बाळ पाळण्यात असतानाच कान टोचतात. ब्रह्मदेशात मुलगी वयात येताना टोचतात आणि तो समारंभ लग्नासारखा थाटाचा असतो. इथे मात्र थोरली राजकन्या तेव्हा ३४ वर्षांची होती आणि धाकटी २७ ची. लग्नं होत नव्हती, निदान कान टोचण्याचा सोहळा तरी थाटानं व्हावा, असं आईबापांना वाटलं असेल. गेलेल्या वैभवाची आठवण म्हणूनही असेल. मैत्रिणींनो, ऐपत संपली तरी थाट सोडवत नाही, हे काही फक्त राजवाड्यातच घडत नाही.

मुलींनी मात्र आपापली वाट शोधली. थोरलीचं मन वाड्याच्या पहाऱ्यावरच्या गोपाळ सावंत या रत्नागिरीकराशी जडलं. त्याचं आधीच लग्न झालेलं होतं. त्या दोघांना १९०६ च्या सुमारास मुलगी झाली, तिचं नाव टुटू. दुसऱ्या राजकन्येनं १९१७ साली, बाप गेल्यानंतर, राजाच्या पदरी असलेल्या एका ब्रह्मी तरुणाशी आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं. त्यासाठी ती वाड्यातून निघाली ती थेट कलेक्टरच्या आश्रयाला गेली. पुढे हे दोघं बंगालच्या डोंगराळ भागात, कालिंपोंगला राहिले. धाकट्या दोघींची लग्नं ब्रह्मदेशात परतल्यावर झाली.

थोरली राजकन्या ब्रह्मदेशात गेली खरी, पण मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली इथेच वारली. टुटू रत्नागिरीचीच झाली. मराठी बोलायची, मराठी संसार केला, मुलंबाळं वाढवली. राजाची नात असून राजघराण्याचं काही तिच्या वाट्याला आलं नाही. हातांच्या कष्टांवर आणि गरिबीत तिनं दिवस काढले. २००० साली ती गेली. रत्नागिरीत तिला ओळखणारी माणसं अजून आहेत.

हे ऐकून कुणी म्हणेल, पोरी आईबापांच्या मुठीतून निसटल्या म्हणून असं झालं. आम्हाला तसं वाटत नाही. चौघींना ना शिक्षण दिलं, ना बाहेरचं जग दाखवलं, ना त्यांच्या मनाचं विचारलं. मग ज्या वाटा उरल्या त्याच त्यांनी धरल्या. थोरलीच्या नात्याला कायद्याचा आधार नव्हता, आणि त्याची झळ तिला आणि तिच्या लेकीला आयुष्यभर बसली. म्हणून लग्नाची नोंदणी, वय, मुलीची मर्जी या गोष्टी आम्ही पुढे मुद्दाम बोलणार आहोत. त्या कागदी वाटतात, पण संसार त्यांच्यावर उभा राहतो.

सहल न्यायची तर

थिबा राजवाडा रत्नागिरी शहरातच आहे. एसटी स्टँडवरून रिक्षानं सहज पोचता येतं. रेल्वेनं येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेचं रत्नागिरी स्टेशन आहे, तिथूनही शहरात यायला वाहनं मिळतात. घाटावरून येणाऱ्या गटांना कोल्हापूरहून आंबा घाटानं सुमारे १३० किलोमीटर पडतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना मोफत प्रवास आहे, त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. गटासाठी अख्खी गाडी प्रासंगिक करारावर घेणार असाल, तर तिथे सवलत धरतात की नाही हे आगारात आधीच विचारा. नेहमीच्या गाडीनं अर्ध्या तिकिटात जाणं स्वस्त पडतं की करारानं, याचा हिशोब बैठकीतच मांडून घ्या.

राजवाडा आता राज्य सरकारच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय खात्याकडे आहे आणि आत संग्रहालय आहे. अशी संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात. त्यामुळे सोमवार टाळा आणि निघण्याआधी चौकशी करून वेळ पक्की करा.

आत गेल्यावर काय बघायचं? इमारत तीन मजली आहे. उतरतं छप्पर, लाकडी अर्धगोल खिडक्या, वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन, मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती. राजाच्या काळातल्या काही वस्तूही मांडल्या आहेत. खिडक्यांकडे जरा थांबून बघा. कोकणात पाऊस आडवा येतो, हवा दमट असते. म्हणून छप्पर उतरतं, खिडक्या मोठ्या आणि वारा आरपार जाईल अशा. आपल्या जुन्या घरांमध्येही हेच शहाणपण होतं, फक्त माप लहान.

वाड्यापासून जवळच जिजामाता उद्यान आहे, त्याला लोक थिबा पॉइंट म्हणतात. तिथून काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि पलीकडे समुद्र दिसतो. संध्याकाळी जा. डबे उघडायला, लेकरांना मोकळं सोडायला ही जागा चांगली. मात्र कठड्याशी मुलांवर लक्ष हवं, आणि जेवणानंतर पत्रावळ्या, पिशव्या गोळा करून परत न्यायच्या. हे काम कुणी करायचं ते निघतानाच ठरवलं की कुरकूर होत नाही.

दिवस पुरा हातात असेल तर टिळकांचं जन्मघर बघा, रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आहे तिथे जा. शेतकरी बायकांनी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची चौकशी जरूर करावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र आहे. नारळाच्या जाती, नारळात मसाल्याची आंतरपिकं, याची माहिती तिथे मिळते. सहलीचे पैसे खर्च होतातच, त्यात एखादी उपयोगाची गोष्ट शिकून आलो तर गटाच्या वहीत त्याची नोंद राहते.

एक सूचना. भाट्याचा किनारा लांबलचक आणि देखणा आहे, पण खाडीच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते. घोट्यापर्यंत पाय भिजवा, त्यापुढे नको. नऊवारीचा घोळ भिजला की पोहणारीलाही हात-पाय हलवता येत नाहीत.

वाड्यात लग्न का करता येत नाही

आता लग्नाचा प्रश्न. "एवढं मोठं आवार आहे, भाडं घेऊन लग्नाला द्यायला काय हरकत आहे?" असं आम्हाला दोन-तीन गटांनी विचारलं.

जुन्या वास्तू दोन प्रकारच्या असतात. काही खाजगी मालकीच्या, म्हणजे कुणाचा वाडा, कुणाची वाडी. तिथे मालक लग्नाला जागा देऊ शकतो. काही सरकारनं संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या. त्यात केंद्राच्या वेगळ्या, राज्याच्या वेगळ्या. केंद्राच्या ताब्यातल्या वास्तूंसाठी १९५९ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की सभा, स्वागत समारंभ, मेजवानी, करमणूक यासाठी वास्तू वापरायची नाही. वापरायची तर सरकारची लेखी परवानगी हवी. जिथे पूर्वापार पूजाअर्चा किंवा धार्मिक रीत चालत आली आहे, ती मात्र चालू राहते. राज्याच्या वास्तूंसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे आणि तिथेही खात्याच्या परवानगीशिवाय कार्यक्रम करता येत नाही. थिबा राजवाड्याच्या आवारात रत्नागिरीच्या कलाप्रेमी मंडळींनी संगीत महोत्सव भरवले आहेत. पण तो सगळ्या गावासाठीचा कार्यक्रम असतो. एका घरचं लग्न ही वेगळी गोष्ट. तेव्हा कुणी दलाल "वाडा मिळवून देतो, आगाऊ पैसे द्या" म्हणाला, तर खात्याचं लेखी पत्र बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

हा नियम नुसता अडवणुकीचा नाही. त्यामागचं कारण आपल्याला चटकन कळेल, कारण आपण घरं सारवतो, लिंपतो. समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं. ते भिंतीत मुरतं, ओल धरतं आणि चुन्याचा गिलावा आतून पोखरतं. अशा भिंतीत मांडवासाठी एक खिळा मारला की तिथून पाणी शिरायला वाट होते. होमाचा धूर आणि तुपाची वाफ लाकडावर बसते, ती पुसून जात नाही. हजार माणसांचं हात धुण्याचं पाणी पायाशी मुरलं की पाया खचतो. आणि डीजेचा दणका बसला की आपल्या घरातली भांडीसुद्धा मांडणीवर थरथरतात, मग शंभर वर्षांच्या खिडकीच्या काचेचं काय होईल?

आणखी एक मुद्दा आहे. संरक्षित वास्तू ही सगळ्यांची असते. तिकीट काढून तुम्हीही आत जाता आणि मुंबईचा शेठही जातो. ती भाड्यानं जाऊ लागली की ज्याच्याकडे पैसा त्याचा वाडा, आणि आपण फाटकाबाहेर. २०१९ साली राज्यातले काही किल्ले हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी भाड्यानं द्यायचं ठरतंय अशी बातमी आली, तेव्हा महाराष्ट्रभर लोक संतापले. शिवरायांच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असं सरकारला जाहीर सांगावं लागलं. सांभाळायला पैसा लागतो हे खरं. पण तो कसा उभा करायचा हे ठरवताना आपल्यासारख्यांनाही विचारलं पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं.

समुद्राकाठी लग्न, पण डोळे उघडे ठेवून

मग समुद्राकाठी लग्न करूच नये का? जरूर करावं. कोकणात नारळी-पोफळीच्या खाजगी वाड्या आहेत, मंगल कार्यालयं आहेत, देवळांची सभागृहं आहेत, पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. कमी माणसांत, वाडीत केलेलं लग्न सुरेख होतं. फक्त काही गोष्टी आधी तपासा.

पहिली गोष्ट, भरती-ओहोटी. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. कोकणातली जुनी माणसं तिथीवरून वेळ काढतात. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास आणि पहाटेही साधारण त्याच वेळेला भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुहूर्त धरताना उपयोगी पडतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला किंवा अमावास्येला दुपारी पाणी चढलेलं आणि सूर्य मावळताना उतरलेलं. मात्र त्याच दिवसांत उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा खूप वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किनाऱ्याजवळ खुर्च्या मांडणार असाल तर गावातल्या कोळी बांधवाला विचारा. पाणी कुठवर येतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, वारा. शाळेच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा जमीन तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. कापडी मांडव शिडासारखा फुगतो, होमाचा धूर वऱ्हाडाच्या तोंडावर येतो. म्हणून सकाळचा मुहूर्त बरा. मांडव खाली आणि दोरांनी पक्का, होमाला पश्चिमेकडून आडोसा हवा. आणि मे महिन्याच्या शेवटी तारीख धरू नका. वळवाचा पाऊस आणि वादळ सांगून येत नाही.

तिसरी गोष्ट, पाणी आणि संडास. आपण जेवणाचा विचार करतो, याचा करत नाही. समजा ३०० माणसं आहेत. पिण्यालाच माणशी दोन लिटर धरले तरी ६०० लिटर झाले. स्वयंपाक, हात धुणं, भांडी वेगळी. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, म्हणून पाणी चाखून बघा, टँकर लागेल का ते आधी ठरवा. बायकांसाठी बंद, उजेडाची, कडी लागणारी संडासची सोय आहे का, साडी बदलायला खोली आहे का, हे बाईनंच जाऊन बघावं. वऱ्हाडात बाळंतीण असते, पाळी आलेली पोर असते, गुडघे धरलेली आजी असते. पुरुष मंडळी जागा पसंत करून येतात तेव्हा या गोष्टी राहून जातात.

चौथी गोष्ट, परवानग्या. समुद्राचा किनारा कुणाच्या बापजाद्यांची जमीन नसते. किनारपट्टीवर काय बांधायचं, काय नाही यासाठी वेगळे नियम आहेत. वाडीच्या आत लग्न असेल तर मालकाचा लेखी करार पुरतो. वाळूवर मांडव किंवा मंच घालायचा तर ग्रामपंचायत, तहसील आणि पोलिस ठाण्यात आधी विचारावं लागतं. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा, हा नियम सगळीकडे सारखा.

पाचवी गोष्ट बऱ्याचजणींना नवीन असेल. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर समुद्रकासवं अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातलं वेळास त्यासाठी प्रसिद्ध आहे. थंडीत अंडी घालतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, म्हणजे नेमका आपला लग्नाचा हंगाम. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि जिकडे उजेड दिसतो तिकडे चालू लागतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्रच जास्त उजळ दिसतो, म्हणून ती पाण्याकडे जातात. आपण मंचावर झगझगीत दिवे लावले तर ती उलटी आपल्याकडे येतात आणि सकाळी कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतात. तेव्हा जिथे कासवं येतात तिथे रात्रीचा समारंभ किनाऱ्यापासून दूर, आत घ्या.

पैसा आणि कागद

गटातल्या बायकांशी बोलताना एक गोष्ट कायम समोर येते. लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडता फेडता शेळी जाते, मग डोरलं जातं, आणि कधीकधी जमिनीचा तुकडाही जातो. लांबच्या जागी लग्न करायचं तर एक गोष्ट सोपी होते: माणसं आपोआप कमी होतात. पण एक अवघडही होते. प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च वाढतो. म्हणून पानावर दोन रकाने पाडा. एका बाजूला गावात ५०० पानं उठवली तर किती, दुसऱ्या बाजूला वाडीत ८० माणसं नेली तर गाड्या, मुक्काम धरून किती. दोन्ही आकडे मुलीला आणि मुलालाही दाखवा. गटाकडून कर्ज घ्यायचं तर महिन्याचा हप्ता किती आणि तो कुठल्या मिळकतीतून जाणार हे लिहूनच मागणी करा.

किनाऱ्यालगतच्या गटांना यात रोजगारही आहे. बाहेरून येणाऱ्या वऱ्हाडाला उकडीचे मोदक, सोलकढी, आंबोळी, केळीच्या पानावरचं जेवण हवं असतं. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, आगाऊ रक्कम घ्या, पानांची संख्या लेखी ठरवा. "किती माणसं येतील सांगता येत नाही" असं म्हणणाऱ्याला कमीत कमी किती पानांचे पैसे देणार हे आधी विचारा.

आता कागद. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय लग्न होत नाही, ते गावात असो की समुद्राकाठी. हुंडा घेणं-देणं १९६१ पासून गुन्हा आहे. लग्न झाल्यावर त्याची नोंदणी करा. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि गावात ग्रामपंचायतीत अर्ज करता येतो. वयाचे दाखले, लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार लागतात. लग्न दुसऱ्या गावी झालं असेल तर नोंदणी कुठे करायची हे लग्नाआधीच विचारून ठेवा, म्हणजे साक्षीदारांना पुन्हा तिथवर न्यावं लागत नाही. वेगळ्या धर्मातली दोघं असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न होतं, त्याला ३० दिवसांची नोटीस लागते. नोंदणीचा दाखला हातात असला की रेशन कार्डावर नाव घालताना, पासपोर्ट काढताना, पेन्शनीत आणि पोटगीत बाईला कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत. थिबाच्या थोरल्या लेकीकडे असा एकही कागद नव्हता.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा. सहलीची तारीख ठरवा, आणि लग्न निघालेल्या घरच्या मुलीलाही त्या बैठकीत बोलवा. तिला कुठे लग्न करायचंय आणि का, हे तिच्याच तोंडून ऐका. मग हिशोबाला बसा. तुमचे अनुभव रेडिओ केंद्राकडे कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.